अन्न अंगीं केव्हां लागतें?

मुलाला वेळच्या वेळीं जेवूं घालावें, दूधतूप द्यावें, आणि तरीहि तें किडकिडीतच राहावें, म्हणजे मराठी घरांतील वडील मंडळी म्हणतात, "याच्या अंगीं कांहीं लागतच नाहीं." हे शब्द सहज बोलले जातात; परंतु शरीरशास्त्रांतील एक मोठें तत्त्व त्यांत सांठवलेलें आहे. अन्न खाणें ही एक गोष्ट आणि तें अंगीं लागणें ही दुसरी गोष्ट. या दोहोंमधील अंतर तोडण्याची जी व्यवस्था, तिलाच पचनसंस्था म्हणतात.

या संस्थेचें अगदीं साधें वर्णन करावयाचें तर ती तोंडापासून गुदद्वारापर्यंत गेलेली एक लांब नळी आहे. ती कोठें रुंद, कोठें अरुंद, कोठें सरळ, तर कोठें वेटोळ्यांची आहे. पण तिचीं दोन्ही टोकें बाहेर उघडतात, ही गोष्ट विसरतां कामा नये. सीताफळ खातांना एखादी बी चुकून गिळली जाते आणि एकदोन दिवसांनीं जशीच्या तशी बाहेर पडते. ती बी शरीरांतून गेली असें म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः ती शरीरांत शिरलीच नाहीं. बोगद्यांतून जाणारी आगगाडी डोंगराच्या दगडांत मिसळत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. ओसरीवर टेकलेला पाहुणा माजघराचा उंबरठा ओलांडल्यावांचून घरांतला होत नाहीं. त्याचप्रमाणें पोटांत गेलेलें अन्न आंतड्याची भिंत ओलांडून रक्तांत उतरल्यावांचून शरीराचें होत नाहीं. जठर, यकृत, स्वादुपिंड आणि आंतडीं हीं सर्व ज्या एका कामासाठीं राबतात, तें काम म्हणजे अन्नाला हा उंबरठा ओलांडण्याच्या योग्यतेचें करणें.

वरणभाताचा एक घास डोळ्यांपुढें आणावा. त्यावर साजुक तुपाची धार आहे असें समजावें. भातांत मुख्यतः पिष्ट आहे, वरणांत पिष्टाच्या जोडीला प्रथिनें आहेत, आणि तूप हा स्निग्ध पदार्थ. या तिन्हींचे रेणू उंबरठ्याच्या मानानें फार मोठे असतात. पिष्टाचा एक रेणू म्हणजे शर्करेच्या शेंकडों, कित्येकदां हजारों मण्यांची माळ. प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ. या माळा तोडून मणी सुटे केल्यावांचून आंत प्रवेश नाहीं.

पहिली तोडणी तोंडांतच सुरू होते. दांत घासाचा चुरा करितात, आणि लाळेंतील पाचक द्रव्य पिष्टाच्या माळेवर काम करूं लागतें. साधा भात किंवा भाकरीचा तुकडा बराच वेळ चावीत राहिल्यास तो गोडसर लागूं लागतो, याचें कारण हेंच. "बत्तीस वेळां चावून खावें" हा वडिलांचा उपदेश आंकड्याच्या बाबतींत काटेकोर नसला, तरी अर्थानें खोटा नाहीं. पुढें घास गिळला जातो. त्या क्षणीं श्वासनलिकेचें तोंड झांकलें जातें आणि सुमारें २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेंतून घास खालीं ढकलला जातो. तो केवळ वजनानें पडत नाहीं; नलिकेचे स्नायू मागून आंवळत आणि पुढून सैल होत त्याला नेतात. म्हणूनच आडवें झोपलेल्या रुग्णालाहि पाण्याचा घोट गिळतां येतो.

आतां घास जठरांत आला. जठरांत अन्नाचें काय होतें, याविषयीं युरोपांत दीर्घ काळ वाद होता. कोणी म्हणत, जठर जात्याप्रमाणें अन्न दळतें. कोणी म्हणत, तेथें अन्न कुजतें. १७५२ सालीं रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञानें धातूच्या नळ्यांत मांसाचे तुकडे घालून त्या नळ्या एका घारीला गिळावयास दिल्या. नळ्या बाहेर आल्या तेव्हां त्यांना चेपल्याची खूण नव्हती, परंतु आंतील मांस बरेंचसें विरघळलेलें होतें. अर्थात् तेथें दळण नव्हतें. कोणता तरी रस काम करीत होता. इटालीचा स्पालांझानी याच्याहि पुढें गेला. त्यानें कापडाच्या लहान पिशव्यांत अन्न शिवून त्या स्वतः गिळल्या, आणि बाहेर आलेल्या पिशव्या रिकाम्या झालेल्या दाखविल्या. १८२४ सालीं विल्यम प्राउट या इंग्रज वैद्यानें या रसांतील आम्ल हें हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचें प्रसिद्ध केलें, आणि १८३६ त श्वान या जर्मन शास्त्रज्ञानें त्यांतील पेप्सिन हें प्रथिन तोडणारें द्रव्य शोधून काढलें.

तरी जिवंत मनुष्याचें जठर काम करीत असतां कोणी पाहिलें नव्हतें. तो योग एका अपघातानें आला. ६ जून १८२२ या दिवशीं अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या तरुण नावाड्याला अगदीं जवळून बंदुकीची गोळी लागली. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनीं त्याला वांचविलें. परंतु जखम भरतांना जठराला बाहेरून एक भोंक कायमचें राहिलें. त्या भोंकांतून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आंत सोडून व ठराविक वेळानें बाहेर काढून बोमाँट यांनीं प्रयोग केले आणि १८३३ सालीं त्यांवरील ग्रंथ छापला. मनुष्य चिडला म्हणजे त्याचें पचन मंदावतें, हेंहि त्यांनीं त्या खिडकींतून पाहिलें. शास्त्राला त्या गरीब माणसाकडून फार मोठा लाभ झाला. त्याला स्वतःला मात्र हें जिणें नकोसें होई, आणि तो वारंवार घरीं निघून जाई. १८८० त तो वारला, तेव्हां डॉक्टरांनीं प्रेत नेऊं नये म्हणून घरच्यांनीं तें मुद्दाम कांहीं दिवस ठेवून बिघडूं दिलें आणि मग पुरलें. ज्ञानाच्या हिशेबांत ही बाजूहि मांडलीच पाहिजे.

जठरांत अन्न कांहीं तास घुसळलें जातें, आम्लानें बरेचसे जंतू मरतात, प्रथिनांची तोडणी सुरू होते, आणि सर्वांचें आंबट पेजेसारखें मिश्रण बनतें. जठराची स्वतःची भिंत या आम्लांत विरघळत नाहीं, कारण तिच्यावर चिकट बुळबुळीत थराचें कवच असतें. पेजेचा सांठा एकदम पुढें जात नाहीं. जठराच्या खालच्या तोंडाशीं स्नायूंचें एक कडें आहे. तें पहारेकऱ्याप्रमाणें थोडीथोडी पेज पुढें सोडतें. तुपातेलाचें जेवण असेल तर तें अधिकच सावकाश सोडतें. मेजवानीनंतर बराच काळ पोट जड राहतें तें यामुळें.

पचन म्हटलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें जठरच येतें. परंतु १८९७ सालीं स्वित्झर्लंडांतील झुरिच येथें कार्ल श्लाटर या शस्त्रवैद्यानें एका स्त्रीचें संपूर्ण जठर काढून टाकलें आणि अन्ननलिका सरळ लहान आंतड्याला जोडली. ती बाई त्यानंतर वर्षाहून अधिक काळ जगली, आणि तोंडानें जेवून जगली. जठरावांचून मनुष्य जगूं शकतो. लहान आंतडें सर्वच काढलें तर शिरेंतून पोषण दिल्याशिवाय तो जगूं शकत नाहीं. खरा उंबरठा कोठें आहे, तें यावरून उघड होतें.

लहान आंतड्याच्या पहिल्या सुमारें २५ सेंटिमीटरांत दोन मोठे मदतनीस येऊन मिळतात. यकृतांत तयार झालेलें पित्त पित्ताशयांत सांठून येथें येतें. साबणानें तेलकट भांडें निघावें त्याप्रमाणें तें तुपाचे सूक्ष्म थेंब करून पाण्यांत मिसळतें. स्वादुपिंडाचा रस जठरांतून आलेलें आम्ल मारतो आणि पिष्ट, प्रथिन व स्निग्ध या तिन्हींची तोडणी करितो. हा रस नेमका वेळेवर कसा येतो, याचें उत्तर १९०२ सालीं लंडन येथें बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनीं दिलें. आम्ल आंतड्याच्या भिंतीला लागतांच ती भिंत रक्तांत एक द्रव्य सोडते, आणि रक्तांतून आलेला तो निरोप मिळतांच स्वादुपिंड आपला रस सोडतें. मज्जातंतूंचें साहाय्य नसतांहि एक अवयव दुसऱ्याला निरोप धाडूं शकतो, हें त्या दिवशीं सिद्ध झालें. अशा निरोप्या द्रव्यांना पुढें हार्मोन हें नांव मिळालें.

आतां उंबरठा. लहान आंतडें पसरून मोजलें तर सुमारें सहा मीटर भरतें. जिवंतपणीं स्नायू आखडलेले असल्यामुळें तें याहून आंखूड असतें. त्याची आंतली बाजू गुळगुळीत नाहीं. तिला घड्या आहेत. घड्यांवर मखमलीच्या लवीप्रमाणें मिलिमीटरभर किंवा त्याहूनहि लहान असे असंख्य अंकुर आहेत. आणि अंकुरांवरील प्रत्येक पेशीला पुन्हां सूक्ष्म केसांची किनार आहे. या सर्वांचें क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढें आहे असें पुस्तकांतून पुष्कळ वर्षें छापलें जाई. २०१४ सालीं स्वीडनच्या संशोधकांनीं नव्यानें मोजमाप केलें, तेव्हां तें सुमारें ३० चौरस मीटर भरलें. मैदान गेलें, तरी दोन ऐसपैस खोल्यांची जमीन एका माणसाच्या पोटांत घडी घालून ठेवलेली आहे, हें कांहीं थोडें नव्हे.

शेवटची तोडणी या उंबरठ्यावरच होते. खाण्याच्या साखरेचे येथें दोन भाग होतात. दुधांतील शर्करेचेहि येथेंच दोन भाग व्हावे लागतात. ज्या प्रौढ माणसाच्या आंतड्यांत हें दुसरें काम करणारें द्रव्य कमी पडतें, त्याला दूध बाधतें. दुधाचा दोष नसतो, किल्ली हरवलेली असते. सुटी झालेली शर्करा आणि अमिनो आम्लें अंकुरांतील रक्तवाहिन्यांत उतरून प्रथम यकृताकडे जातात. तुपाचा अंश मात्र बहुतांशीं निराळ्या, लसिकेच्या वाटेनें जाऊन मानेच्या बुंध्याशीं रक्ताला मिळतो. त्या क्षणीं वरणभात अंगीं लागला.

या अंकुरांवरील पेशी अवघ्या तीनपासून पांच दिवसांत झिजतात आणि त्यांच्या जागीं नव्या येतात. इतकें नाजूक दार सतत मोडत असेल, म्हणजे मुलाला वरचेवर जुलाब होत असतील, तर अंकुर खुरटतात आणि खाल्लेलें उंबरठ्याबाहेरूनच निघून जातें. मूल अशक्त झालें म्हणजे त्याला जुलाब अधिक होतात, आणि जुलाबांनीं तें आणखी अशक्त होतें. असें मूल अंगानें भरत नाहीं. त्याच्या ताटांत भर घालण्याबरोबर त्याच्या पिण्याच्या पाण्याकडे पाहावें लागतें.

या उंबरठ्यावरून अन्नाहूनहि अधिक जा-ये पाण्याची असते. प्रौढ मनुष्य खाण्यापिण्यांतून दिवसाला सुमारें दोन लिटर पाणी घेतो. परंतु लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आंतड्याचा रस मिळून आणखी सुमारें सात लिटर त्याच नळींत ओतले जातात. या नऊ लिटरांपैकीं बहुतेक सर्व लहान आंतडें परत घेतें. लिटर-दीड लिटर मोठ्या आंतड्याकडे जातें, आणि तेंहि त्यांतलें बहुतेक शोषून घेतें. शेवटीं बाहेर पडतें तें सुमारें १०० ते २०० मिलिलिटर. सात लिटर उसने द्यावयाचे आणि रोजच्या रोज वसूल करावयाचे, असा हा व्यवहार आहे. वसुली एक दिवस थांबली तर काय होईल, याचें उत्तर पटकीनें शतकानुशतकें दिलें.

पटकीचा जंतू उंबरठा मोडीत नाहीं, भिंतींतहि शिरत नाहीं. तो एक विष सोडतो, हें कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनीं सशाच्या आंतड्यावर प्रयोग करून १९५९ सालीं दाखवून दिलें. त्या विषानें पेशींतील क्षार आंतड्याच्या पोकळींत वाहूं लागतात, आणि क्षारांच्या मागोमाग पाणी धांवतें. मोठ्या माणसाच्या अंगांतून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊं शकतें. डोळे खोल जातात, नाडी लागेनाशी होते, आणि सकाळीं धडधाकट असलेला माणूस रात्रीं मरतो. तो जंतूनें कुरतडला म्हणून मरत नाहीं. तो तहानेनें मरतो, आणि प्यालेलें नुसतें पाणी आंतडें पुरेसें घेत नाहीं.

या कोड्याची किल्ली उंबरठ्याच्याच रचनेंत होती. १९६० च्या ऑगस्टांत प्राग येथील परिषदेंत रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञानें असा विचार मांडला कीं, आंतड्याच्या पेशींत ग्लुकोज शर्करा आणि मिठांतील सोडियम हीं जोडीनें, एकाच दारानें आंत शिरतात. हीं दोन आंत गेलीं कीं त्यांच्यामागून पाणीहि आंत जातें. पटकीच्या विषानें हें जोडदार बंद पडत नाहीं, हेंच रोग्याचें भाग्य. १९६८ त ढाका येथें डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनीं पटकीच्या रोग्यांना शर्करा व क्षार घातलेलें पाणी तोंडानें देऊन त्यांची शिरेंतील सलाइनची गरज फार कमी करून दाखविली.

या ज्ञानाची परीक्षा १९७१ सालीं झाली. पूर्व बंगालमधून लाखों निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्यें आले आणि छावण्यांत पटकी पसरली. सीमेजवळच्या बनगांव येथें रोगी जमिनीवर पडलेले, सलाइन संपत आलेलें, आणि तें टोंचावयास शिकलेलीं माणसें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं, अशी स्थिति होती. तेथें काम करणारे डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधवून घेतल्या, त्या पिंपांतील पाण्यांत मिसळविल्या, आणि तें पाणी रोग्याच्या आईच्या, भावाच्या, शेजाऱ्याच्या हातीं देऊन पाजावयास सांगितलें. जेथें शेंकडा तीसपर्यंत रोगी मरत होते, तेथें त्यांच्या देखरेखीखालीं उपचार झालेल्या तीन हजारांहून अधिक रोग्यांत मरणाचें प्रमाण शेंकडा चाराच्याहि खालीं आलें. त्या छावणींत वैद्यकाचा हात म्हणजे भांडें धरणारा नातलगाचा हात होता. महालनबीस २०२२ सालीं निवर्तले. २०२३ त त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यांत आलें.

हें सर्व जाणूनहि सुशिक्षित घरांत एक जुनी समजूत टिकून आहे: मुलाला जुलाब होत असतां पाणी व अन्न बंद करावें, म्हणजे "पोटाला विसावा मिळेल." आंतड्यांतून पाणी निघून जाणें पाणी न दिल्यानें थांबत नाहीं, देणें चालूच राहतें आणि वसुली तेवढी बंद पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मधील माहितीप्रमाणें जगांत पांच वर्षांखालील चार लाखांहून अधिक मुलें दरवर्षीं अतिसारानें दगावतात. त्यांतील पुष्कळांचें औषध हें चमचा आणि पेला यांच्या पलीकडचें नसतें.

म्हणून प्रत्येक घरीं क्षार-शर्करेची, म्हणजे ओआरएसची पुडी असावी, आणि तिच्यावर लिहिलेल्या मापाच्याच स्वच्छ पाण्यांत ती संपूर्ण विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. हें माप अंदाजानें वाढवूं नये. साखर अधिक झाली तर ती उलट आंतड्यांत पाणी ओढते. मीठ अधिक झालें तर लहान मुलाच्या जिवाला धोका होतो. बाजारांतील गोड पेयें हा याला पर्याय नव्हे. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, आणि दोन ते दहा वर्षांच्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर पाणी घोटघोट पाजावें. उलटी झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हां चमच्याचमच्यानें सुरू करावें. अंगावरचें दूध बंद करूं नये. मऊ भात, वरण, खिचडी चालू ठेवावी. केलेलें पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावें. जस्ताचें औषध किती दिवस द्यावयाचें तें डॉक्टरांकडून समजून घ्यावें.

मूल मलूल होऊन पडलें, त्याचे डोळे खोल गेले, रडतांना आंसवें येईनाशीं झालीं, पोटाची त्वचा चिमटींत धरून सोडली असतां सावकाश पूर्ववत् होऊं लागली, शौचांतून रक्त पडलें, किंवा त्याला पाणी पितांच येईना, तर घरच्या उपचारावर न विसंबतां तत्काळ रुग्णालय गांठावें. वाटेंतहि त्याला पिववत असेल तितकें पाणी पाजीत जावें. पेला, चमचा आणि पुडी यांची जागा घरांतील प्रत्येकाला, मोलकरणीपासून आजोबांपर्यंत, ठाऊक असावी. ही वेळ बहुधा रात्रीं येते, आणि त्या वेळीं औषधांचीं दुकानें बंद असतात.